पुवातली परीक्षा

कोळंबीच्या टरफलातून काढलेला कायटोसान घ्यायचा, दुसऱ्या एखाद्या पॉलिमरशी त्याची सांगड घालायची आणि जंतूंना रोखणारं ड्रेसिंग, पडदा किंवा कापड तयार करायचं. या विषयावर गेल्या काही दशकांत जगभर शोधनिबंधांचा नुसता पूर आला आहे. आपल्याकडच्या दवाखान्यात ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर मात्र अजूनही गॉझ, सलाइन आणि पोव्हिडोन आयोडीनच दिसतं. असं का, यावरून आमच्या घरात वाद पेटतो. मामा धुळ्याला सर्जन आहेत. त्यांची भाची, म्हणजे माझी धाकटी बहीण, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पॉलिमरवर संशोधन करते. दोघंही आपापल्या कामात जीव ओतणारी माणसं. वाद महत्त्वाचा आहे, म्हणून तो इथे मांडतो.

मामा : आधी मला एक सांग. कोळंबीचं टरफल उघड्यावर टाकलं तर कुजून गावभर वास सुटतो. जंतू त्यावर मजेत वाढतात. मग त्याच टरफलातून काढलेली वस्तू जंतू मारते कशी?

भाची : टरफलात असतं ते कायटिन. ते ब्राकोनो यांना फ्रान्समध्ये 1811 साली अळंबीत सापडलं होतं. 1859 मध्ये रूजे यांनी ते तीव्र अल्कलीत उकळलं आणि सौम्य आम्लात विरघळणारा वेगळाच पदार्थ मिळाला. हाच पुढे कायटोसान म्हणून ओळखला गेला. उकळताना साखळीवरचे ॲसिटिल गट गळून पडतात आणि अमाइन गट मोकळे होतात. थोडं आम्ल मिळालं की या अमाइनवर धन प्रभार येतो. जंतूचं बाहेरचं अंग ऋण प्रभाराचं असतं. साखळी त्याला जाऊन बिलगते, आवरण विस्कटतं, आतला ऐवज बाहेर पाझरतो. शिवाय जंतूला लागणारे धातूंचे आयन ती बांधून ठेवते, ते वेगळंच. टरफलातल्या मूळ कायटिनमध्ये हा मोकळा प्रभार जवळजवळ नसतो, म्हणून टरफल कुजतं.

मामा : ठीक आहे. मग एवढा गुणी पदार्थ असताना जोडीदार कशाला?

भाची : एकट्या कायटोसानचा पापुद्रा वाळला की ठिसूळ होतो आणि आम्ल लागलं की विरघळतो. त्याला अंग द्यायला ऋण प्रभाराचा पॉलिमर लागतो. समुद्री शेवाळातलं अल्जिनेट चालतं, फळांतलं पेक्टिन चालतं. मी वापरते ते कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, सीएमसी. आणि मामा, हे सीएमसी कशापासून बनतं माहीत आहे? जिनिंगमध्ये रुई काढून घेतल्यावर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते ना, तिच्यापासूनही बनतं. म्हणजे धन बाजू किनाऱ्यावरची आणि ऋण बाजू आपल्या खान्देशातली.

हे बोलताना तिचा चेहरा उजळतो. मी तिच्या प्रयोगशाळेत हे काम पाहिलं आहे. एका चंचुपात्रात ॲसेटिक आम्लाच्या एक टक्का द्रावणात विरघळवलेला कायटोसान असतो, फिकट पिवळा, मधासारखा दाट नाही पण बोटाला तार धरेल इतपत. दुसऱ्यात सीएमसीचं नितळ द्रावण. दुसरं पहिल्यात पडतं त्या क्षणी पांढरे गोळे तरंगायला लागतात आणि उरलेलं पाणी पातळ होऊन जातं. दोन साखळ्या इतक्या घट्ट धरतात की एकसारखा पडदा करायला उसंतच मिळत नाही. म्हणून ती आधी दोन्हीकडे मीठ घालते. मिठाचे आयन दोन्ही प्रभारांच्या मध्ये येतात, साखळ्यांची ओढ सैल पडते, आणि गोळ्यांऐवजी लुसलुशीत, एकजीव लगदा मिळतो. तो साच्यात पसरायचा आणि मग पाण्यात ठेवून मीठ हळूहळू काढून टाकायचं. मीठ जाईल तसतशा साखळ्या पुन्हा एकमेकींना धरतात आणि पडदा घट्ट होतो. ना विषारी जोडरसायन, ना भट्टी. मला यातलं रसायन जेमतेम कळतं, पण इतक्या साध्या सामग्रीत इतकं नेमकं काम होताना पाहिलं की या विषयात माणसं आयुष्य का घालवतात ते समजतं.

मामांनी मात्र नेमक्या याच जागी बोट ठेवलं.

मामा : जंतू मारतो तो धन प्रभार. आणि जोडीदाराला धरून ठेवतो तोही धन प्रभारच. मग एकदा जोडी जमली की मारायला शिल्लक काय राहिलं?

भाची : हाच प्रश्न आहे. हाच आमच्या अख्ख्या विषयाचा गाभा आहे. दोन्ही बाजू तोलामोलाच्या घेतल्या तर पडदा मजबूत होतो, पण जंतूंवरचा असर उतरतो. कायटोसान जास्त ठेवला तर मोकळे अमाइन उरतात, असर टिकतो, पण पडदा पाण्यात जास्त फुगतो आणि फाटतो. कुणी अमाइनवर कायमचा धन प्रभार बसवतं, मग आम्ल असो नसो, तो जात नाही.

मामा : आणि आपल्या पेशी? जखम भरायला ज्या नव्या पेशी सरकत येतात, त्यांचंही बाहेरचं अंग ऋणच असतं. कायमचा धन प्रभार त्यांना सोडून देतो का?

भाची : नाही देत. प्रमाण वाढलं की त्यांनाही बाधतो. म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

मामा : मग आता जखमेचं बोलू. पऱ्हाटीचा खुंट पायात घुसलेला शेतकरी माझ्याकडे येतो तेव्हा महिना उलटून गेलेला असतो. साखर वाढलेली, पायाला संवेदना नाही, म्हणून आधी कळलेलंच नसतं. पट्टी सोडली की आत हिरवट पू आणि गोडसर वास. तो वास आला की कल्चरचा अहवाल यायच्या आधी स्यूडोमोनास आहे हे मला समजतं. झेसार यांनीही 1882 मध्ये पट्ट्यांवरच्या निळ्या-हिरव्या डागांवरूनच हा जंतू वेगळा काढला होता. आता सांग, धडधाकट कातडीचा पीएच साधारण पाचच्या आसपास. अशा जुनाट जखमेचा सात ते नऊच्या दरम्यान. तुझं अमाइन तिथे काय करतं?

भाची : बराचसा प्रभार गमावतं.

मामा : बराचसा म्हणजे किती?

भाची : कायटोसानचा पीकेए साडेसहा धरला तर साडेसहा पीएचला निम्मे अमाइन प्रभारित असतात. 7.4 ला दहातला जेमतेम एक. आठला शंभरातले तीनच.

मामा : शंभरातले तीन! आणि त्या तिघांवरही पुवातली प्रथिनं तुटून पडतात. अल्ब्युमिन ऋण, पेशी फुटून सांडलेलं डीएनए ऋण. जंतूपर्यंत पोहोचायच्या आधीच तुझं हत्यार बोथट. आणि तुमच्या निबंधात काय लिहिलेलं असतं? 99.9 टक्के जंतू नष्ट. कशात? मिठाच्या स्वच्छ पाण्यात, साडेपाच पीएचला.

भाची : सगळे तसं करत नाहीत.

मामा : बरेच करतात. आणि 99.9 चा हिशेब मी पोरांना फळ्यावर मांडून दाखवतो. दहा लाख जंतूंपैकी 99.9 टक्के मेले म्हणजे एक हजार उरले. पोषक जागी हे वीस मिनिटांत दुप्पट होतात. दहा वेळा दुप्पट झाले की पुन्हा दहा लाख. तीन तास वीस मिनिटं, बस्स. सकाळी राउंडला मारलेले जंतू दुपारच्या जेवणापर्यंत परत जागेवर.

इथे मी मध्ये पडलो. जखमेत जंतूंना प्रयोगशाळेसारखी मोकळीक नसते, शरीराची प्रतिकारशक्ती असते, हे मामांनाही माहीत आहे. त्यांचा रोख आकड्यावर नाही, आकडा कुठे मोजला यावर आहे. त्यात ते शंभर टक्के बरोबर आहेत असं माझं मत आहे. जंतुरोधक हा गुण सोन्याच्या पिवळेपणासारखा वस्तूत कायमचा बसलेला नसतो. तो जागेवर ठरतो : कोणता जंतू, किती पीएच, आजूबाजूला काय सांडलेलं आहे. वेष्टनावर हे कुणी छापत नाही.

भाचीने तेव्हा हार मानली नाही, आणि मला तिचं तेही आवडलं.

भाची : मामा, तुम्ही पट्टी बदलता तेव्हा काय होतं ते सांगा ना.

मामा : काय होतं? गॉझ जखमेला चिकटतो. सलाइन ओतून भिजवायचा, थांबायचं, मग काढायचा. घाई केली की नुकतीच आलेली लाल कोवळी त्वचा त्याच्याबरोबर उचकटून येते. भाजलेल्या बाईची पट्टी बदलायची असली की वॉर्डातल्या बाकीच्या बायका तोंड फिरवतात. जी जखम चार दिवसांत भरायची ती आम्हीच रोज सोलतो.

भाची : मग माझा पडदा तिथे बघा. ओला असतो, चिकटत नाही, पाझर पिऊन घेतो आणि जखम सुकू देत नाही. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवर दाखवलं होतं की ओलसर ठेवलेली जखम खपली धरलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. शंभरातले तीन अमाइन जंतू मारोत की न मारोत, पडदा बाहेरच्या जंतूला आत येऊ देत नाही आणि आतल्याला पसरायला भिजलेली चिंधी देत नाही. आणि रक्त थांबवण्याचा गुण तर तुम्हीही मान्य करता. अमेरिकेच्या सैन्याने इराक-अफगाणिस्तानात कायटोसानच्या पट्ट्या वापरल्या. आपल्याकडे अहमदाबादच्या ॲक्सिओ बायोसोल्युशन्सची ॲक्सिओस्टॅट आहे.

मामा : रक्ताचं मी कधीच नाकारलं नाही. रक्तपेशीही ऋण, तिथे धन प्रभार त्यांना गोळा करतो आणि काही मिनिटांचंच काम असतं. पण आता तू जे बोललीस ना, चिकटत नाही, ओलं ठेवतं, त्यावर मला बोलायचं आहे. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर काय बांधलं ठाऊक आहे?

भाची : केळीचं पान.

मामा : केळीचं पान! ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेलं केळीचं पान. 2003 मध्ये 'बर्न्स' या नियतकालिकात त्यांचे निबंध आले. रोपणासाठी कातडी काढलेल्या जागेवर व्हॅसलिन गॉझशी तुलना केली. पट्टी काढताना होणाऱ्या वेदनेत जमीन-अस्मानाचा फरक. पान गुळगुळीत, मेणचट, जखमेला धरतच नाही. त्याआधी 1980 च्या दशकात मुंबईतच डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याची सालं भाजलेल्या जखमांवर बांधून पाहिली होती. पान एकही जंतू मारत नाही, पोरी. एकही नाही. तरी माझ्या रुग्णाला त्याच्याइतका आराम देणारी वस्तू मी क्वचित पाहिली. आणि ती रावेर-यावलला बांधावर फुकट पडलेली असते.

मामांचा आवाज इथे चढला होता. त्यांचा राग संशोधनावर नाही. जखम भरणं आणि जंतू मरणं या दोन गोष्टी एकच मानून चालणाऱ्या सगळ्या व्यवहारावर आहे. औषध-प्रतिरोधाचं संकट वाढतंय म्हणून जंतुनाशक सगळीकडे माखण्याची जी ओढ लागली आहे, ती त्यांना घातक वाटते.

मामा : अमेरिकेच्या एफडीएने 2016 मध्ये ट्रायक्लोसानसकट 19 द्रव्यं घरगुती हात धुण्याच्या साबणांतून हटवली. कंपन्यांना ती साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आहेत हे सिद्ध करता आलं नाही. उद्या तुझा कायटोसान मोज्यात, चादरीत, शाळेच्या गणवेशात येईल. कशासाठी?

भाची : मोज्यात येऊ नये, याच्याशी मी सहमत आहे. कापडावर तो टिकतही नाही. सूत कायटोसानच्या द्रावणात बुडवायचं, रोलरमधून पिळायचं, सायट्रिक आम्लाच्या जोडीने गरम करून बांधायचं, एवढं केलं तरी धुण्याची पावडर ऋण प्रभाराची असते. ती त्याला निकामी करते. पण प्रतिरोधाचं म्हणाल तर कायटोसान प्रतिजैविकासारखा एकाच कुलपावर चालत नाही. आवरणावर अनेक जागी एकाच वेळी धडकतो.

मामा : म्हणून जंतू शिकत नाहीत?

भाची : शिकतात, पण सावकाश. स्टॅफिलोकॉकस आपल्या भिंतीवर ॲलनिन चिकटवून स्वतःचा ऋण प्रभार कमी करू शकतो. मग धन प्रभाराचं काहीही त्याला कमी धरतं. हे मी लपवत नाही.

मामा : हे तुझं मला आवडतं.

यानंतर बोलणं जरा वेगळ्याच बाजूला गेलं, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात कसदार बोलणं तेच. कायटोसानच्या साखळ्या लांब असल्या तर द्रावण चिकट होतं, कामाला जड जातं. त्या आखूड करायला आम्लात उकळतात. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संस्थेत थरनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र पपेन वापरून साखळ्या तोडून दाखवल्या, आणि मिळालेले तुकडे जंतूंवर चालतात हेही दाखवलं. पपेन म्हणजे पपईच्या चिकातलं एन्झाइम. आता जळगावकराला पपेन सांगायला नको. 1978 मध्ये जैन उद्योगसमूहाने केळीची भुकटी करणारा जुना कारखाना घेऊन तिथे पपेन बनवायला सुरुवात केली होती. ठिबकच्या नळ्यांनी नाव कमावण्याआधीची ही गोष्ट. मामांनी लगेच आठवण करून दिली की पपेनची मलमं मेलेली कातडी काढायला सर्रास वापरात होती आणि अमेरिकेने 2008 मध्ये ती थांबवली, कारण काहींना त्याची तीव्र ॲलर्जी झाली होती. तेव्हा कायटोसान पपेनने कापा, पण पपेन जखमेपर्यंत जाऊ देऊ नका. बहिणीने हे वहीत लिहून घेतलं.

भाची : खरं सांगू? माझा पडदा सगळ्यात चांगला चालेल ती जागा तुमच्या वॉर्डात नाही. ती मोठ्या मामांच्या बागेत आहे.

मामा : केळीवर?

भाची : फणी घडापासून कापली की कापल्या जागी चीक येतो आणि तिथूनच बुरशी शिरते. परदेशी जाणारा माल कंटेनरमध्ये असताना देठाकडून काळा पडत जातो. तिथे पू नाही, रक्त नाही, अल्ब्युमिन नाही. आम्लातला कायटोसान कापावर लावला की तिथेच सुकतो, आम्लासकट. अमाइन प्रभारित राहतात. तुम्ही माझ्या हत्याराला बोथट करणारं जे जे सांगितलंत, त्यातलं तिथे काहीच नाही.

मामा : मग सगळ्या फळाला का लावत नाहीस?

भाची : थर जाड झाला तर केळ गुदमरतं. ऑक्सिजन मिळत नाही, पिकायच्या ऐवजी आतून आंबतं. म्हणून फक्त कापावर, नाहीतर अगदी पातळ.

जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती केळी टिकवण्यासाठी कोचीच्या बंदरावरचं टरफल आणि आपल्या सरकीची लव कामी आली तर त्यात मला नुसती व्यापाराची सोय दिसत नाही, शहाणपण दिसतं. कोचीच्याच केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने टाकाऊ टरफलातून कायटिन-कायटोसान काढण्याचं तंत्र देशात रुजवलं. टरफलातला चुना आम्लाने काढायचा, प्रथिनं सौम्य अल्कलीने, मग तीव्र अल्कलीत तापवायचं, आणि दर टप्प्याला भरपूर पाण्याने धुवायचं. हे पाणी आणि ती अल्कली जाते कुठे, हा प्रश्न मात्र 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पुडीला विचारायला हवा. तो फार थोडे विचारतात.

केळीवर दोघांचं जमलं, पण बहिणीचा जीव जखमेतच अडकलेला. मामा तिला अडवत नाहीत. मार्ग मात्र सोपा करून देत नाहीत.

मामा : माझ्या रुग्णावर थेट काही लागणार नाही. वैद्यकीय उपकरण नियम, 2017 आहेत, एथिक्स समिती आहे. ते सगळं रीतसर. पण त्याआधी तुझ्या प्रयोगशाळेत तीन गोष्टी कर. पीएच आठ ठेव. द्रावणात सीरम घाल. आणि जंतू बाटलीतला पाळलेला नको, जखमेतून आलेला घे, रीतसर परवानगीने. स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस दोन्ही.

भाची : तिथे असर निम्म्याच्याही खाली येईल.

मामा : येऊ दे. जो आकडा येईल तो निबंधाच्या पहिल्या पानावर छाप. आणि तुलनेला साधा गॉझ ठेवू नकोस. गॉझपेक्षा काहीही बरंच असतं.

भाची : मग काय ठेवू?

मामा : केळीचं पान ठेव. त्याच्यापुढे तुझा पडदा काय देतो ते बघू.

भाची : मग जंतूंच्या वसाहती मोजून भागणार नाही, मामा. पानाशी तुलना करायची तर पट्टी काढताना किती दुखलं आणि जखम किती दिवसांत भरली, हेच मोजावं लागेल. प्राण्यांवरच्या परीक्षेचाही आराखडा तसाच बदलावा लागेल.

मामा : बदल. वेदना कशी मोजायची ते मी शिकवतो.